दगडी पाल्याची परीक्षा

हैदराबादेत दगडांना कधी तोटा पडला नाही. टेकड्या फोडून वसाहती उभ्या राहिल्या, तरी एखाद्या कुंपणाच्या भिंतीखाली हातभर खडक उरतोच. आणि मृगाच्या दोन सरी पडल्या की त्याच्या भेगेतून खरखरीत, दातेरी पानांची एक वनस्पती जमिनीलगत पसरू लागते. तिच्यातून वीतभर उंचीची एकच बारीक दांडी वर येते आणि तिच्या टोकाला पिवळ्या मध्याचे, फिकट पाकळ्यांचे लहानसे फूल डोलू लागते. आमचे तेलुगू शेजारी तिला 'गड्डी चामंती', म्हणजे गवतातली शेवंती, म्हणतात. मराठवाड्यातून आलेल्या आपल्या घरांमध्ये तिला कोणी एकदांडी म्हणे, कोणी कंबरमोडी. आमच्या घरी ती 'दगडी पाला' होती आणि तिचे काम ठरलेले होते : रक्त थांबवणे.

या पाल्याची मी एकदा प्रयोगशाळेत परीक्षा घेतली. तिची हकिगत लिहावी की लिहू नये, हे ठरवण्यात माझी चाळीस वर्षे गेली. कारण ती केवळ एका वनस्पतीची परीक्षा नव्हती. आमच्या घरातील एका जुन्या आरोपाची ती चौकशी होती आणि चौकशी करणारा हा आरोपीचाच नातू होता.

आमचा वाडा गौळीगुड्यात. आजोबा नांदेडकडून निजामाच्या महसूल खात्यात चाकरीसाठी आले आणि इथलेच झाले. औषधांच्या बाबतीत आमच्या घरात कसलाही पंक्तिभेद नव्हता. फडताळात सुंठ, हळकुंड आणि ओव्याची पुरचुंडी असे, आणि त्यांच्याच शेजारी 'जिंदा तिलिस्मात'ची बाटली. १९२० साली याच शहरातल्या एका हकीमांनी सिद्ध केलेले ते तांबडे औषध सर्दीपासून पोटदुखीपर्यंत सर्वांवर चाले. चारमिनारजवळच्या युनानी दवाखान्यातला काढाही आजी तितक्याच श्रद्धेने घेई. परंतु कोणाला खरचटले, कापले, की फडताळ उघडत नसे. आजी मागच्या अंगणात जाई, भिंतीलगतची चार पाने खुडी, तळहातावर चोळी आणि मूठ आवळून हिरवा रस जखमेवर पिळी. क्षणभर झोंबे. रस वाळला की काळपट खपली धरे. तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा झाडावर.

१९५५ च्या संक्रांतीपर्यंत हे असेच चालले होते.

आपल्या शहरातील संक्रांत म्हणजे पतंगांची. माझे धाकटे काका तेव्हा चौदा वर्षांचे होते, मी आठ वर्षांचा. कटलेला एक पतंग वाड्यामागच्या घोड्यांच्या तबेल्यात उतरला. काकांनी अनवाणीच भिंतीवरून उडी मारली. खाली पडलेल्या फळीतला गंजका खिळा टाचेत शिरला. रक्त फारसे आले नाही. आजीने रस पिळला, धोतराची चिंधी बांधली. तीन दिवसांत जखम मिटली आणि काका पुन्हा गच्चीवर गेले. आठव्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "वहिनी, तोंड उघडत नाही." सारे हसले, ते सोंग करताहेत असे वाटले. रात्री मान ताठली, मग पाठ. उस्मानिया दवाखान्यात नेले तेव्हा त्यांचे शरीर अक्षरशः धनुष्यासारखे वाकले होते. तीन दिवसांनी सारे संपले.

तेराव्याच्या रात्री ओसरीवर अण्णा, म्हणजे माझे वडील, आजीला म्हणाले, "तुझ्या पाल्याने घात केला." मी पांघरुणात जागा होतो. आजीने उत्तर दिले नाही. पुढची सतरा वर्षे, १९७२ साली ती गेली तोपर्यंत, तिने त्या पाल्याला हात लावला नाही. कोणी पडले-झडले की ती त्याला नळाखाली उभे करी, साबणाने रगडून धुई आणि दवाखान्यात धाडी. मात्र अंगण झाडणारी बाई ती रोपे उपटू लागली की आजी म्हणे, "राहू दे. तिचं काय चुकलं?"

मी सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळलो त्याला हे एकच कारण होते असे म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु धनुर्वाताचा धडा शिकवताना माझा आवाज बदलतो, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येत असावे. १८८९ साली कितासातो यांनी हा जंतू वेगळा काढला आणि पुढच्याच वर्षी बेहरिंग यांच्यासह त्याच्या विषावरील प्रतिविष दाखवून दिले. माती, शेण, विशेषतः घोड्याची लीद ही त्याची वस्तीची ठिकाणे. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याला दाद देत नाहीत. हवा त्याला सोसत नाही. जिथे वारा लागत नाही अशा खोल, अरुंद जखमेत तो फोफावतो. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आणि दर वेळी तबेल्यातली ती फळी मला दिसे.

१९८४ च्या पावसाळ्यात पदव्युत्तर वर्गातील तीन विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय मागायला आले. वनस्पतींच्या जंतुरोधक गुणांची चाचणी हा तेव्हा सर्वांच्या आवडीचा विषय होता. खर्च थोडा आणि निकाल डोळ्यांना दिसणारा. मी दगडी पाला सुचवला. कारण सांगितले नाही. मनातून मला आजीची निर्दोष मुक्तता हवी होती.

चाचणीची रीत सोपी आहे. समुद्री शेवाळापासून काढलेल्या अगारवर जंतू वाढवतात. ही युक्ती एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातून आली : १८८१ साली फॅनी हेसे यांनी, त्या ज्या अगारने मुरंबे घट्ट करीत तो आपल्या संशोधक पतीला सुचवला. तेव्हापासून आमचे शास्त्र चुलीचे ऋणी आहे. विद्यार्थ्यांनी पाने धुतली, सावलीत वाळवली, दळली आणि त्यांचे दोन अर्क केले, एक पाण्यात व एक अल्कोहोलमध्ये. गाळणकागदाच्या सहा मिलिमीटर व्यासाच्या चकत्या कार्यालयातल्या कागदाला भोके पाडण्याच्या यंत्राने पाडल्या व निर्जंतुक केल्या. जखमा चिघळवणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि आतड्यात राहणारा ई. कोलाय, असे दोन जंतू घेतले. त्यांचा द्रव ठरलेल्या गढूळपणाचा करून अगारच्या बशीवर, अंगण सारवावे तसा, बोळ्याने एकसारखा फिरवला. त्यावर अर्कात भिजलेल्या चकत्या ठेवल्या आणि बश्या रात्रभर सदतीस अंशांच्या उबेत ठेवल्या. अर्कात जंतूंना रोखणारे काही असेल, तर ते चकतीभोवती झिरपते आणि तेवढ्या जागेत जंतू वाढत नाहीत. दुधी थरात एक स्वच्छ वर्तुळ दिसते. मुले त्याला 'झोन' म्हणत. मला ते चंद्राभोवतीच्या खळ्यासारखे वाटे.

दुसऱ्या सकाळी अल्कोहोलच्या अर्काभोवती खळे होते : चौदा मिलिमीटर. मला किती आनंद झाला हे मी त्या मुलांपासून लपवू शकलो नाही. मी चहा मागवला. घरी जाताना गौळीगुड्याच्या वळणावर उगाच थांबलो.

त्या तिघांत एक मुलगी होती, वारंगळकडची, मितभाषी. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, नुसत्या अल्कोहोलची चकती आपण ठेवलीच नाही." माझ्यासारख्या शिक्षकाला लाज वाटावी अशी ती चूक होती. औषधाबरोबर औषध नसलेली चकतीही ठेवायची असते, हे मीच पहिल्या तासाला शिकवीत असे. आम्ही प्रयोग पुन्हा केला. चकत्या ओल्याच ठेवल्या तेव्हा नुसत्या अल्कोहोलभोवतीही खळे पडले. चकत्या पूर्ण वाळवून ठेवल्या तेव्हा अल्कोहोलचे खळे नाहीसे झाले आणि पाल्याच्या अर्काचे आठ मिलिमीटरवर आले. चकतीच मुळी सहाची. शेजारी पेनिसिलीनभोवती तीस मिलिमीटरचे मोकळे मैदान होते. ई. कोलायवर अर्काचा काहीच परिणाम नव्हता. त्या जातीच्या जंतूंना बाहेरून एक जादा आवरण असते, ते पुष्कळ अर्कांना आत शिरू देत नाही. पाण्यातल्या अर्काने तर दोन्हीकडे हात टेकले.

इथे प्रकल्प संपायला हरकत नव्हती. परंतु आजीने ना अल्कोहोल वापरले होते, ना वाळवलेली पूड. मी विद्यार्थ्यांना म्हणालो, "भिंतीकडेची ताजी पाने आणा. धुऊ नका. हाताने चोळून रस काढा." असा आग्रह का, हे त्यांना उमगले नाही. तो रस चकतीवर घेतला, बशीत ठेवला.

सकाळी त्या चकतीभोवती खळे नव्हते. उलट चकतीच्या कडेने राखाडी, सुरकुतलेली एक वाढ पसरली होती. आम्ही पेरलेल्या जंतूची ती नव्हती. रसाबरोबर आलेली होती. ग्रॅमच्या पद्धतीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर जांभळ्या काड्या आणि त्यांच्या पोटात रंग न घेतलेले ठिपके. बीजाणू. मातीतले.

तो धनुर्वाताचा जंतू नव्हता. तो आमच्या बशीवर दिसणे शक्यच नव्हते, कारण आमच्या बश्या हवेत होत्या. पण पाल्याबरोबर मातीतले बीजाणू जखमेत जाऊ शकतात, एवढे त्या बशीने माझ्यापुढे मांडले. आजीच्या बाजूने साक्ष द्यायला मी ज्याला बोलावले, त्याने दुसऱ्याच बाजूने जबाब दिला होता. मी सूक्ष्मदर्शकावरून बराच वेळ डोळा काढला नाही. उभा राहिलो तर चेहरा दिसला असता.

पुढचे काही दिवस मी ग्रंथालयात काढले. तेथे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'च्या १९८२ च्या अंकात मला दिवाण, टिल्लू आणि कुलकर्णी यांचा याच वनस्पतीवरील लेख सापडला. तिचे शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स. या मराठी आडनावांच्या संशोधकांनी जंतू मरतात का, हे विचारलेच नव्हते. जखम कशी भरते, हे त्यांनी पाहिले होते. पाल्याच्या रसाने जखमेवर नवी त्वचा लवकर धरते, हा त्यांचा निष्कर्ष; भरण्याचे काही टप्पे मात्र त्याने मंदावतात, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले होते. त्यांतले दिवाण पुढे आपल्याच शहरात, तारनाक्याजवळच्या रासायनिक प्रयोगशाळेत संशोधन करीत होते.

तो लेख वाचताना आजीबद्दलचा अभिमान परत आला आणि त्याच्याच पाठोपाठ एक निराळी भीती. गुडघ्यावरचे खरचटणे लवकर झाकले जावे, हे बरेच. पण खिळ्याची जखम खोल आणि अरुंद असते. ती वरून मिटली की आत हवा पोचत नाही. काकांची जखम तिसऱ्या दिवशी किती छान मिटली होती! अर्थात खिळ्याच्या जखमा पाल्यावाचूनही वरून मिटतात. खिळा तबेल्यातला होता. बीजाणू त्याच्यावरच असणार, पाला असो वा नसो. पाल्याने मारले असे म्हणता येत नव्हते आणि त्याचा काहीच संबंध नव्हता असेही म्हणता येत नव्हते. एकोणतीस वर्षांपूर्वीच्या टाचेची बशी कोणी जपून ठेवलेली नसते.

आणखी एक गोष्ट त्या शोधात कळली. ही वनस्पती मुळात इथली नाहीच. तिचे मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले. लिनियसने १७५३ साली तिला नाव दिले तेव्हा ती तिकडचीच म्हणून ठाऊक होती. बालाघाटच्या डोंगरातले आपले लाडके सीताफळही असेच सातासमुद्रापलीकडचे. म्हणजे आजीच्या कोणा पणजीने एक अनोळखी तण पाहिले असेल, कोणाच्या तरी जखमेवर लावून बघितले असेल आणि गुण आला म्हणून मुलीला सांगितले असेल. परंपरा म्हणून आपण जिला हात जोडतो, तिच्या मुळाशी कोणाचा तरी एक प्रयोग असतो. फरक एवढाच, की नुसत्या अल्कोहोलची चकती ठेवायला तिथे कोणी नसते. जे बरे झाले ते सांगत राहतात. जे गेले ते काही सांगत नाहीत.

अण्णा तेव्हा नोकरीतून निवृत्त झाले होते. उस्मानिया विद्यापीठात विज्ञानही उर्दूतून शिकवीत त्या काळचे ते पदवीधर. दारुत्तर्जुमाने भाषांतरित केलेल्या ग्रंथांवर त्यांचा पिंड पोसलेला. जंतूंना ते अखेरपर्यंत 'जरासीम' म्हणत. एका संध्याकाळी मी त्यांना सारे सांगितले : चौदाचे आठ कसे झाले, ताज्या रसातून काय उगवले, १९८२ चा लेख. मी एखाद्या वकिलासारखा दोन्ही बाजू मांडत होतो. त्यांनी मधे थांबवले नाही. शेवटी विचारले, "त्या वेळी घोड्याच्या रक्ताची लस मिळत होती, नाही?"

मी म्हणालो, "हो अण्णा. प्रतिविषाचे इंजेक्शन होते."

"उस्मानिया दवाखान्यात?"

"मोठ्या दवाखान्यांत असेच."

दवाखाना मुसीच्या आमच्याच काठावर. आमच्या दारातून टांग्याने पंधरा मिनिटे लागत नसत. बऱ्याच वेळाने अण्णा बोलले. "खिळा लागला त्या संध्याकाळी आई म्हणाली होती, 'पाला लावलाय, पण खिळा तबेल्यातला आहे, याला दवाखान्यात दाखवून आण.' मी त्याच्यावर पतंगापायी चिडलो होतो. म्हटलं, एवढ्याशा खिळ्याला काय दवाखाना. उद्या बघू. उद्या तो पळायला लागला."

आजीने ही गोष्ट कधीही, कोणालाही सांगितली नव्हती. तेराव्याच्या रात्रीही नाही. सतरा वर्षे तिने तो आरोप आपल्या अंगावर राहू दिला, कारण तो उतरवला असता तर धाकटा गमावल्यावर थोरल्याच्या अंगावर टाकावा लागला असता. प्रयोगशाळेत जिची निर्दोष मुक्तता करायला मी निघालो होतो, तिने ती कधी मागितलीच नव्हती.

अण्णा उठून आत गेले. पुढे या विषयावर आम्ही बोललो नाही. त्या वर्षीच्या दसऱ्याआधी माळी अंगण साफ करायला आला, तेव्हा भिंतीलगतची रोपे उपटायची का, असे त्याने विचारले. अण्णा म्हणाले, "ती राहू द्या."

आता माझी नात त्याच शास्त्राची विद्यार्थिनी आहे. तिच्या पिढीला हा प्रश्न निराळ्या कारणाने छळतो. आपल्या शहराने जगाला औषधे पुरवली आणि त्यांचा गाळही जवळच सोडला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाटनचेरूजवळच्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. ते औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. अशा पाण्यात जगायला शिकलेल्या जंतूंना जुन्या गोळ्या कुठवर पुरणार? म्हणून लोक पुन्हा रानाकडे पाहू लागले आहेत. त्यात गैर काही नाही. २०१५ साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्या चीनच्या तू यूयू यांनी हिवतापावरचे औषध एका जुन्या वनस्पतीतूनच काढले. त्यांचेही अर्क आधी अपयशी ठरत होते. चौथ्या शतकातल्या एका वैद्याच्या ग्रंथात ती वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितली आहे, हे वाचल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की उष्णतेने गुण नष्ट होत असावा. मग कमी उष्णतेवर अर्क काढला आणि तो लागू पडला. त्यांनी जुन्या वैद्याचा शब्द पूज्य मानून देव्हाऱ्यात ठेवला नाही आणि टाकूनही दिला नाही. तो नीट वाचला व तपासून पाहिला. आणि त्याच २०१५ साली, भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. तिथे पाला कामी आला नाही. लस, स्वच्छ पाते आणि धुतलेले हात कामी आले.

नातीने यंदा प्रकल्पासाठी दगडी पालाच निवडला आहे. नुसत्या द्रावकाची चकती तिने पहिल्याच दिवशी ठेवली, न सांगता. परवा ती तक्ता भरत होती. वनस्पतीचे नाव, कुळ, जमा केल्याचे ठिकाण असे रकाने भरून झाले आणि 'पारंपरिक उपयोग' या रकान्यापाशी तिने लेखणी थांबवली. "आजोबा, इथे काय लिहू? तुमच्या आजी काय करायच्या?"

मी सांगितले, "लिही : खरचटल्यावर ताज्या पानांचा रस लावीत. पाने आधी धुवावीत. खिळ्याच्या जखमेवर लावू नये. आधी दवाखान्यात जावे."

"हे सगळं त्या सांगायच्या?"

"हो," मी म्हणालो. "शेवटचं तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."